मागचे तीन

पुढचे तीन प्लग कुणीही बदलील.
बॉनेट उघडलं की समोरच,
ओट्यावर मांडलेल्या वाट्यांसारखे.
घोडं पेंड खातं ते मागच्या तिनांपाशी,
इंजिन आणि पत्र्याची भिंत यांच्यामधल्या फटीत,
जिथं डेट्रॉइटच्या कुणा इंजिनिअरनं
माणसाला कोपर असतं हे विसरून
सरळ रेघ ओढली.

डेलमार म्हणाला, पाचशे चाळीस डॉलर.
सत्तर प्लगचे, बाकीचे माझ्या पाठीचे.
खोटं नव्हता बोलत. त्याची पाठ मी पाहिलीय.
पण महिनाभर व्हॅन चढावर खोकत होती,
आणि मागच्या सीटवर मिसेस ऑसगार्ड,
आठवड्यातून तीनदा डायलिसिसला,
दर खोकल्याला विचारायच्या,
"गेर्डा, ही तू की गाडी?"

म्हणून शनिवारी, गॅरेजचं दार अर्धं वर करून,
गार इंजिनावर मी पालथी पडले.
बाहेर विस्कॉन्सिनचा मार्च,
कुंपणाच्या खांबांशी उरलेला मळका बर्फ.
पोटाखाली जुनी रजई. कपाळाला दिवा,
जो फक्त माझंच मनगट उजळत होता.

वायपर काढले. त्यांच्याखालची जाळी काढली.
अकरा हिवाळ्यांची मेपलची पानं निघाली,
एक पेन्सिल,
आणि उंदराचं रिकामं घरटं,
मरेनच्या हरवलेल्या मोज्याच्या लोकरीचं.
मोजा हरवला म्हणून तेव्हा मी तिला रागावले होते.

पहिला निघाला. दुसराही.
दुसऱ्याच्या वेळी हातातून सॉकेट निसटलं,
तीनदा टणटणलं, आणि मग
कुठंच पडल्याचा आवाज आला नाही.

तिसरा हलेना.
तेल सोडलं. कॉफी प्यायले.
आजोबांच्या नॉर्वेजियन शिव्या दिल्या,
ज्यांचा अर्थ आता घरात कुणालाच ठाऊक नाही.
मान वाकडी करून दिसतंय का बघितलं,
आरशानं बघितलं, फोननं बघितलं.

*दिसत नसेल तर बघू नकोस.*
गोठ्यात, पहाटे तीनला, आई म्हणाली होती.
मी नऊ वर्षांची. तिचा हात सुजलेला, माझा बारीक,
खांद्यापर्यंत गाईत.
*डोळे मीट. काय लागतंय ते सांग.*
खूर, म्हणाले मी. अजून एक खूर.
मग एक गुडघा, उलट्या बाजूला.
आणि मग एक नाक, एक तोंड,
ज्यानं जगात यायच्या आधीच
माझं बोट चोखलं.

गाई विकल्या. गोठ्यात आता कुणाच्या तरी बोटी.
डोळे मिटले.
पाना आपोआप षट्कोनावर बसला,
आणि गंज कुरकुरत सुटला,
दात पडल्यासारखा.

नवा बसवायचा तर माझी बोटं आडवी.
सांध्यांवर गाठी आल्यात.
मरेन पैसे मागायला आली होती;
सोळाची, नखं हिरवी, हात अजून आखूड व्हायचा नाही असा लांब.
तिला पेट्रोलच्या जुन्या नळीचा तुकडा दिला,
टोकाला प्लग खोचून.
पान्यानं का नाही? ती म्हणाली.
आटे तिरके लागले तर नळी नुसती घसरते.
पाना घसरत नाही. पाना जिंकतो,
आणि मग इंजिनाचं डोकं बदलावं लागतं.

तिनं हात आत घातला. भुवया आक्रसल्या.
डोळे मीट, म्हणाले. काय लागतंय?
"गार आहे.
गोल काठ.
नाही, हा नाही.
थांब.
थांब ना, आई.
बसला."

संध्याकाळी वीस डॉलर घेऊन ती गेली,
एका नखाचा रंग तेवढा इंजिनात ठेवून.

सोमवारी चढावर व्हॅन गपगुमान चढली.
वळणावर मात्र खालून कुठून तरी
टण्.
"गेर्डा, ही तू की गाडी?"
सॉकेट, मी म्हणाले. दहा डॉलरचं.
मिसेस ऑसगार्डनी मान डोलावली
आणि पुढच्या वळणाची वाट बघत
खिडकीला डोकं टेकलं.